खपलीचा मान

आमच्या घराण्यात गहू हे पाहुण्याचे धान्य. सण आला, जावई आला की डब्यातून बाहेर निघायचे आणि पाहुण्याची पाठ फिरली की पुन्हा डब्यात जाऊन बसायचे. रोजच्या पानात जोंधळ्याची भाकरीच. माझी आजी सांगली जिल्ह्यातली, कृष्णाकाठची. तिच्या लेखी खरा गहू एकच, खपली! बाकीच्यांनी गव्हाचे नुसते सोंग घेतलेले.

तीच खपली आता आमच्या चारकोपात पिठाच्या गिरणीच्या पाटीवर चढली आहे. साध्या गव्हाच्या दुपटीहून अधिक दर आणि खाली खडूने लिहिलेले, ‘शुगरवाल्यांसाठी उत्तम’. आमची वस्ती काही श्रीमंतांची नव्हे. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८०च्या दशकात इथे लहान लहान भूखंड पाडले गेले आणि ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे घर उभे केले. अशा घरांत दुप्पट दराचे पीठ ही थट्टेची गोष्ट नाही. लोक तरीही घेतात, कारण ‘पूर्वीचे ते सकस’ ही आपली श्रद्धा आहे. मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा जुन्याचा मोह मलाही आहे. पण मी शाळामास्तरही आहे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचेच, म्हणून शास्त्रज्ञांचे आकडे मी वाण्याच्या हिशेबासारखे ताडून पाहतो.

खपली जुनी, यात शंका नाही. पश्चिम आशियात माणसाने सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी जी पहिली धान्ये पेरली, त्यांत ती होती. मळणी झाली तरी तिचा दाणा टरफल सोडत नाही, त्याला कांडावे लागते. तिच्या पेशीत २८ गुणसूत्रे, तर आपल्या नेहमीच्या पोळीच्या गव्हात ४२. म्हणजे दोघे चुलतभाऊ खरे, पण बिऱ्हाडे वेगळी.

मग नवा गहू आला कुठून? १९६५ आणि १९६६ ही दुष्काळाची वर्षे. ‘पी. एल. ४८०’खाली अमेरिकेहून येणाऱ्या गव्हावर देशाची चूल पेटत होती. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८,००० टन बियाणे आणले. जपानच्या बुटक्या गव्हाचा गुण नॉर्मन बोरलॉग यांनी त्यात उतरवला होता. पूर्वीचे उंच ताट खताने माजले की लोळायचे. हे बुटके ताट कणसाच्या भाराने वाकत नव्हते. त्याचा दाणा मात्र लाल, आणि आपल्या लोकांना पोळी हवी पिवळसर! तेव्हा आपल्या शास्त्रज्ञांनी निवड करून १९६७ साली कल्याणसोना आणि सोनालिका हे वाण दिले. १९६५ साली सव्वा कोटी टनांच्या आसपास असलेले पीक १९६८ साली दीड कोटीच्या पुढे गेले. ज्या गव्हाला आपण आज नाके मुरडतो, त्याने त्या वर्षी देशाला जेवू घातले.

याची काही किंमत मोजावी लागली का? लागली. इंग्लंडात रॉथमस्टेडला १८४३ पासून एकाच शेतात गहू पेरून त्याचे नमुने जपून ठेवले आहेत. ते तपासल्यावर असे आढळले की १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत दाण्यातले लोह, जस्त, तांबे, मॅग्नेशियम जवळजवळ स्थिर होते आणि बुटके वाण आल्यावर ते उतरले. मातीतला साठा मात्र घटला नव्हता. घरात माणसे वाढावीत आणि तूप तेवढेच राहावे, तसे झाले. पण म्हणून नवे बी निःसत्त्वच असते असेही नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या ‘एमएसीएस ४०२८’ या अलीकडच्या बुटक्या वाणात १४.७ टक्के प्रथिने, किलोमागे ४६.१ मिलिग्रॅम लोह आणि ४०.३ मिलिग्रॅम जस्त आहे.

आणि खरी लूट तर बियाण्यात होतच नाही, ती चाळणीत होते. मैदा करताना कोंडा आणि अंकुर काढून टाकला की निम्म्याहून अधिक लोह आणि जस्त त्याबरोबर जाते. महागाची खपली आणून बारीक चाळणीने चाळणारी गृहिणी मी पाहिली आहे. तिने दुप्पट पैसे मोजून सत्त्व केराच्या सुपात टाकले! आजीच्या काटकपणाचे श्रेयही एकट्या खपलीला देता येत नाही. तिच्या पानात रोज भाकरी, उसळ आणि पालेभाजी होती. शिवाय जात्यावर दळणारे हात तिचेच होते. खपलीची साखर रक्तात जरा सावकाश उतरते, असे काही लहान प्रयोगांत दिसले आहे. पण चार पोळ्यांच्या जागी सहा खाल्ल्या, तर खपली बिचारी काय करणार?

हे सारे लिहायला बसलो ते शेजारच्या सात वर्षांच्या मुलीमुळे. तिला सीलिएक हा विकार आहे. गव्हातले ग्लुटेन पोटात गेले की आतड्याला इजा होते. गेल्या दिवाळीत समोरच्या काकूंनी मोठ्या मायेने तिच्यासाठी खपलीची खीर आणली. “अगं, हा आपला जुना गहू. याने काही होत नाही.” मुलीच्या आईने वाटी हळूच बाजूला सारली. काकूंच्या डोळ्यांत पाणी आले, आणि मुलगी एकदा वाटीकडे आणि एकदा आईकडे पाहत राहिली. काकूंचे प्रेम खरे होते, पण खपलीतही ग्लुटेन असतेच. या विकारात तिचा कणही चालत नाही. ‘जुने ते निर्धोक’ ही समजूत त्या वाटीतून पोटात गेली असती, तर भोगावे लागले असते त्या पोरीला.

म्हणून वाचकहो, एवढेच सांगतो. खपली आणा ती तिच्या चवीसाठी. गूळ, ओले खोबरे आणि वेलदोडा घातलेल्या तिच्या खिरीत दाणा दाताखाली अखंड लागतो, त्याला तोड नाही. आपण खाल्ली तर कृष्णाकाठचा शेतकरी ती पेरत राहील, हेही थोडके नव्हे. रोजच्या पोळीला खिशाला परवडेल तो गहू घ्या, कोंड्यासकट दळा, आणि अधूनमधून भाकरीलाही पानात जागा द्या. खपलीला आजीचा मान द्यावा, वैद्याचा नको. आणि फराळाचे ताट शेजारी पाठवण्याआधी त्या घरातल्या पोराला काय चालते, हे दारातच विचारून घ्यावे. शेजारच्या त्या मुलीसाठी यंदा काकू स्वतः तांदळाच्या पिठीच्या चकल्या करणार आहेत.