वाईच्या घाटावरचा एक कोश

क्षेत्र वाई आम्हां मंडळींस नवें नाहीं. कृष्णाकांठचे घाट, १७६२ सालीं बांधलेलें ढोल्या गणपतीचें देऊळ आणि दूरवर दिसणारा पांडवगड यांचें दर्शन वर्षांतून एकदां घडावें, असा आमच्या घरचा शिरस्ता आहे. या गांवाचें दुसरें वैभव म्हणजे कोश. धर्मकोशाचा पहिला खंड येथून १९३७ सालीं निघाला. मीमांसाकोशाचे सात खंड येथेंच सिद्ध झाले. आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखालीं मराठी विश्वकोशाचें कामही येथेंच उभें राहिलें.

आमच्या घरींही एक कोश आहे. मात्र तो छापलेला नाहीं. आमचे अण्णा त्याचे एकमेव कर्ते. त्यांनीं जन्मभर वेदान्त वाचला. पण संसारांतील फजितीवांचून त्यास गोडी येत नाहीं, असें त्यांचें मत. देवळाबाहेर जोडे चोरीस गेले म्हणजे मनुष्यास जी क्षणिक विरक्ति येते तें 'पादत्राणवैराग्य'. स्मशानवैराग्याचें हें धाकटें भावंड. किल्ली शोधतांना एकेक खिसा चाचपून "हा नव्हे, हा नव्हे" म्हणत जाणें ही 'खिसानेति'. घटांत जसें घटाकाश, तसें फराळ संपल्यावर डब्यांत उरतें तें 'डबाकाश'. आणि कपांतला चहा व बशींत सांडलेला चहा एकच, हा बोध म्हणजे 'चहाद्वैत'.

यंदा अण्णांस नव्वदावें लागलें. अलीकडे त्यांस माणसें ओळखूं येत नाहींत. वाटेंत एस. टी.मध्यें काकूंस त्यांनीं तीनदां विचारलें, "बाई, आपण कोणाच्या?" काकूंनीं तिन्ही वेळां पदर सारखा करून "आपलीच धाकटी सून, मामंजी," असें सांगितलें.

घाटाच्या पायरीवर मुलाचा धक्का लागून अण्णांचा चहा बशींत सांडला. मुलाचा चेहरा उतरला. अण्णांनीं बशी उचलून क्षणभर पाहिली आणि अगदीं स्वच्छ म्हणाले, "चहाद्वैत!" मग तेच मोठ्यानें हंसले. आम्ही सर्वही हंसलों. काकूंस मात्र डोळे पुसावे लागले.

त्या रात्रीं आम्हीं वही काढली आणि आठवतील ते शब्द टिपले. सत्तावीस भरले. बाकीचे अण्णांजवळच आहेत, आणि ते आतां हातीं लागतील असें वाटत नाहीं. पंडितांचे कोश जपावयास पाठशाळा आहेत. घरगुती शब्दांस घरच्यांवांचून कोण? वाचकहो, आपल्याही घरीं असा एखादा कोशकार असेल. वही आजच काढावी.