बेट आधी की नगर आधी?

दीर्घ प्रवासाचा बेत कोणासही करता येतो. ज्याच्यापाशी चार महिने मोकळे आहेत आणि थैली भरलेली आहे, त्याने नकाशावर बोट ठेवावे आणि निघावे; एखादे स्थळ राहून गेले तर ते परतताना पाहता येते. बुद्धीची खरी कसोटी लागते ती आखूड प्रवासात. रजा नऊ दिवसांची, त्यांतले तीन येण्याजाण्यात खर्ची पडणार, उरले सहा. आणि त्या सहा दिवसांत घरातील एका मनुष्यास नगर पाहावयाचे आहे, दुसऱ्यास बेट. हा त्रैराशिकाने सुटणारा हिशेब नव्हे. गेले दोन महिने सोलापुरातील आमच्या जेवणाच्या टेबलावर ग्रीस देशाचा नकाशा पसरलेला असून वाढताना सांडणारे मीठ थेट एजियन समुद्रात पडते. क्रीटच्या दक्षिणेस आमटीचे एक नवीन बेट उत्पन्न झाले आहे. त्याचा उल्लेख कोणत्याही प्रवासवर्णनात सापडणार नाही.

नगराचा पक्ष आमचा. आम्ही तीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकविला आणि ख्रिस्तपूर्व 490 ची मॅरेथॉनची व 480 ची सॅलॅमिसची लढाई फळ्यावर खडूने कितीदा लढविली याची गणती नाही. ज्या टेकडीवर पार्थेनॉन उभे आहे, ती टेकडी एकदा पायाखाली यावी, एवढीच आमची आकांक्षा. बेटाचा पक्ष सौभाग्यवतींचा. लग्नास चाळीस वर्षे झाली. या अवधीत आम्ही ज्या किल्ल्यावर चढलो, ज्या लेण्यात शिरलो, तेथे त्या आमच्या मागोमाग आल्या आणि आमचा शिलालेख वाचून होईपर्यंत सावली पाहून बसून राहिल्या. स्वतः होऊन एखादे स्थळ त्यांनी कधी सुचविले नाही. पुण्यास नोकरी करणाऱ्या आमच्या कन्येने यंदा विचारले, "बाबांना अथेन्स पाहायचं आहे हे ठरलेलंच आहे. आई, तुला काय पाहायचंय?" त्यावर क्षणाचाही विलंब न लागता उत्तर आले : "पाहायचं काही नाही. जिथे चारी बाजूंना पाणी आहे अशा जागी मला दोन रात्री झोपायचंय."

त्यांचे माहेर सांगोला तालुक्यातले. त्या बाजूस ज्यांनी अवर्षणाची वर्षे काढली आहेत, त्यांना या वाक्याचा अर्थ फोड करून सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यांच्या लहानपणी उन्हाळ्याची सुट्टी ही खेळण्यासाठी नसे. ती हंडे घेऊन विहिरीच्या रांगेत उभे राहण्यासाठी असे. संक्रांतीच्या सुमारास वडिलांबरोबर एस.टी.ने सोलापुरास गड्ड्याच्या यात्रेला आल्या म्हणजे सिद्धेश्वराचे देऊळ दिसे. चोहोकडे तलाव आणि मध्ये देऊळ. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांकडून हा तलाव खणवून घेतला, असे आपण मानतो. त्या देवळात रात्री राहता येईल का, असे त्या मुलीने वडिलांना विचारले होते म्हणे. वडील हसले आणि शेवटची एस.टी. गाठण्यासाठी तिला ओढीत घेऊन गेले. ही हकीकत चाळीस वर्षांच्या संसारात आमच्या कानी प्रथमच आली, तीही ग्रीसच्या नकाशावरून.

येथे दुसरी एक बाब नमूद केली पाहिजे. सौभाग्यवतींच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया वर्षअखेर करावयाचे ठरले आहे. पुढे काय होईल ते वैद्यांसही सांगता येत नाही. तेव्हा "हे राहिले तर पुढच्या वेळी पाहू" हे प्रवाशांचे लाडके वाक्य आमच्या घरात कोणी उच्चारत नाही.

बेट म्हटले की प्रवासी कंपन्यांची पत्रके एकाच बेटाचे चित्र पुढे करतात. पांढरी शुभ्र घरे, निळे घुमट आणि खाली खोल निळे पाणी. ते सँटोरिनी. वस्तुतः ते एका प्रचंड ज्वालामुखीच्या मुखाचा उरलेला काठ आहे. ख्रिस्तपूर्व 1600 च्या सुमारास झालेल्या स्फोटात मधला भाग उडाला आणि तेथे समुद्र शिरला. 2025 च्या फेब्रुवारीत तेथे भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा हजारो रहिवासी काही काळ बेट सोडून गेले होते. ज्वालामुखीस आम्ही भीत नाही, पायऱ्यांस भितो. जुन्या बंदरावरून गावात चढणाऱ्या पायऱ्याच सहाशेच्या घरात आहेत. तेथे तारेवरचा पाळणा आहे हे खरे, परंतु वर गेल्यावरही गल्ल्या म्हणजे जिनेच. शिवाय अथेन्सहून बोटीने पाच ते आठ तास. विमानाने तासाभराच्या आत पोहोचता येते, पण विमानतळावरील बैठक धरता अर्धा दिवस गेलाच. जाण्याचा अर्धा व येण्याचा अर्धा मिळून सहांतला एक दिवस केवळ चित्रासारखे चित्र पाहण्यासाठी द्यावयाचा, हे आमच्या गृहिणीच्या काटकसरी बुद्धीस पटेना.

कन्येने मग अथेन्सच्या अगदी दाराशी असलेले बेट शोधून काढले. त्याचे नाव एजिना. अथेन्सच्या पिरियस बंदरातून मोठी बोट तेथे सव्वा तासात जाते, वेगाची लहान बोट चाळीस मिनिटांत. गाव धक्क्यालगत सपाटीवर वसलेले. पिस्त्यांच्या बागांसाठी ते प्रसिद्ध आहे. आम्हास या नावाने थोडी खळबळ झाली, कारण पुस्तकांत एजिना येते ती अथेन्सची वैरीण म्हणून. ग्रीक जगतातील अगदी प्रथमची चांदीची नाणी तिची. त्यांवर कासव असे. पिरियसच्या डोळ्यात हे बेट घाणीसारखे खुपते, ती काढून टाकली पाहिजे, अशा आशयाचे पेरिक्लिस बोलला होता, आणि 431 मध्ये अथेन्सने तेथील रहिवाशांस खरोखरच हाकलून दिले. पुढे काळाने सूड उगविला म्हणावा, तो असा की 1828 साली स्वतंत्र ग्रीसचे पहिले सरकार अथेन्समध्ये नव्हे, एजिनात बसले. डोंगरावर अफाया देवीचे अडीच हजार वर्षांचे देऊळ आहे. खांब बरेचसे उभे आहेत, त्रिकोणी शिखरावरील मूर्ती मात्र 1811 साली उकरून निघाल्या आणि आता म्यूनिकला आहेत.

हे सर्व आम्ही जेवताना सांगितले. सौभाग्यवती भाकरी मोडीत ऐकत होत्या. नाण्यांनी किंवा देवळाने त्यांच्या मुद्रेत काही फरक पडला नाही. मग ओघाने सॅलॅमिसची गोष्ट निघाली. इराणचा बादशहा झर्क्सिस अफाट सैन्य घेऊन आला. लाकडाची भिंत तुम्हास वाचवील असा देवाचा कौल मिळाला. लाकडाची भिंत म्हणजे गलबते, असा अर्थ थेमिस्टोक्लिसने लावला. अथेन्सच्या लोकांनी आपले नगर मोकळे केले, शत्रूने ते जाळले, आणि त्याच शत्रूचे आरमार पुढे सामुद्रधुनीत बुडाले. इतके झाल्यावर प्रश्न आला :

"अहो, पुरुष गलबतांवर चढले. मग बायका आणि पोरं कुठे गेली?"

तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने आम्हास हे विचारले नव्हते. उत्तर मात्र जुन्या ग्रंथांत आहे. काही ट्रोझेन गावी गेली, काही सॅलॅमिसला आणि काही एजिनाला. ज्या बेटाशी कालपरवापर्यंत वैर होते, त्याच बेटाला. ट्रोझेनच्या लोकांविषयी प्लुटार्कने लिहून ठेवले आहे की, त्यांनी या परक्या कुटुंबांचा खर्च सार्वजनिक पैशातून चालविला, मुलांसाठी पंतोजी नेमले आणि मुलांनी कोणाच्याही बागेतील फळ तोडावे, अशी मोकळीक दिली. त्यानेच एका कुत्र्याची गोष्ट दिली आहे. पेरिक्लिसचा बाप झँथिप्पस गलबतावर चढला तेव्हा त्याचा कुत्रा मागे राहवेना म्हणून पाण्यात उडी टाकून गलबताच्या कडेने पोहत निघाला, सॅलॅमिसच्या किनाऱ्यास लागला आणि तेथेच गतप्राण झाला.

सौभाग्यवतींचा हात थांबला होता. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "फळं तोडू दिली, म्हणजे ती माणसं चांगली होती." आणि मग कन्येकडे वळून : "त्या बायका बोचकी घेऊन जिथे उतरल्या, तिथे मी उतरेन. ते दुसरं चित्रातलं नको."

बेटाचा निर्णय असा झाला. आता राहिला क्रमाचा प्रश्न. आणि तो आमच्या मते अशा प्रत्येक प्रवासात मुख्य असून पत्रकांत त्यास काहीच स्थान नसते. पत्रके नगर आधी घेतात आणि बेट शेवटी ठेवतात, जणू जेवणानंतरचा विडा. परंतु नगर जागचे हलत नाही, बोट मात्र वाऱ्याच्या मर्जीने हलते. जुलै-ऑगस्टात त्या समुद्रावर उत्तरेचा मेल्तेमी नावाचा वारा सुटतो. इतर महिन्यांतही तुफान झाले की बंदराचा अधिकारी बोटी बांधून ठेवावयास लावतो. परतीचे विमान सुटणार अथेन्सहून. ज्याने शेवटची रात्र बेटावर काढली, त्याने आपले तिकीट वाऱ्याच्या हाती दिले. म्हणून बेट आधी. 2022 पासून अथेन्सच्या विमानतळावरून भुयारी गाडी थेट पिरियसच्या धक्क्यापर्यंत जाते. तेव्हा उतरल्याबरोबर नगराकडे पाठ फिरवून समुद्राकडे जावयाचे. महिना मे. सोलापूर तेव्हा चाळीस अंशांवर भाजत असते आणि तेथे हवा सुखाची असते. हापूस मात्र बुडणार. हा एक मुद्दा आम्ही कागदावर मांडला होता, तो कोणी मनावर घेतला नाही.

तीन रात्री बेटाच्या, तीन नगराच्या. आम्ही प्रथम दोन आणि चार असे मांडले होते, कारण मागणी दोनच रात्रींची होती. कन्येने काही न बोलता पेन्सिलीने आकडे बदलले. आम्हीही काही बोललो नाही.

नगराचे तीन दिवस आम्ही कसे घालविणार याची यादी देऊन वाचकांस शिणविणार नाही. अ‍ॅक्रोपोलिसवर, ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी, 2020 साली नवीन लिफ्ट बसविली आहे. ही बातमी आम्हास पार्थेनॉनच्या सर्व वर्णनांहून अधिक महत्त्वाची वाटली. खालच्या संग्रहालयात लंडनला गेलेल्या शिल्पांच्या जागी पांढरे साचे लावून ठेवले आहेत, ते पाहावयाचेच. परंतु आमचे मन गुंतले आहे ते दोन क्षुल्लक वस्तूंत. एक, खापऱ्या. डोईजड झालेल्या पुढाऱ्यास दहा वर्षे हद्दपार करावयाचे असल्यास अथेन्सचे नागरिक फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर त्याचे नाव खरडीत. सॅलॅमिस जिंकून देणाऱ्या थेमिस्टोक्लिसचे नाव खरडलेल्या अशा कित्येक खापऱ्या आजही तेथे जपून ठेवल्या आहेत. दुसऱ्याच्या माथी खापर फोडण्याची आपली रीत आम्हास अस्सल मऱ्हाटी वाटत होती. त्यांनी तर त्यावरून राज्य चालविले! दुसरी वस्तू म्हणजे केरामेइकोस, अथेन्सचा जुना कुंभारवाडा.

कुंभारवाड्याचे नाव काढताच सौभाग्यवती म्हणाल्या, "म्हणजे तेरच." गोरोबाकाकांचे तेर आमच्या घरापासून दीड-दोन तासांच्या वाटेवर, आणि तेथे त्या अनेकदा गेलेल्या. त्यांना ठाऊक असलेले तेर गोरा कुंभाराचे. आम्हास ठाऊक असलेले तेर म्हणजे तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा अज्ञात व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत समुद्रप्रवासाची एक वही लिहिली, तीत पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरील तगर या मोठ्या नगराचे नाव आहे. तेथून साधे कापड आणि मलमली गाड्यांत घालून अवघड वाटेने भडोचच्या बंदरास जात, आणि पुढे समुद्रापार. म्हणजे आमच्या मुलखातील कापड दोन हजार वर्षांपूर्वीच ग्रीक गलबतांवर चढले होते. आम्ही उशिरा निघालो आहोत इतकेच. सोलापुरी टॉवेल आजही परदेशी जातात. बेटावरच्या खोलीत टॉवेल मिळेल त्याची किनार आम्ही उलटून पाहणार आहोत.

कागदपत्रांचा भाग नीरस असल्याने थोडक्यात आटपतो. व्हिसासाठी बँकेचे उतारे, निवासाच्या पावत्या, तीस हजार युरोंचा आजारपणाचा विमा आणि बोटांचे ठसे. त्यासाठी सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रीतून मुंबई गाठावयाची आणि दुसऱ्या रात्री परत. शिदोरी ठरली आहे : कडक भाकरी व शेंगाची चटणी. या दोन पदार्थांनी सोलापूरकरास जगात कोठेही निभावून नेले आहे.

पाण्याविषयी मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. कन्येस वाचनात असे आढळले की, एजियन समुद्रातील कित्येक लहान बेटांवर गोडे पाणी पुरत नाही आणि ते वर्षानुवर्षे जहाजांतून आणावे लागत आले आहे. तिने हे आईस जरा भीत भीतच सांगितले. सौभाग्यवती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "टँकरच की ग! बघ, चारी बाजूंना पाणी आणि प्यायला टँकर. मी तिथे परकी नाही व्हायची." दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारी जाऊन ही हकीकत दोनदा सांगितली.

गेल्या आठवड्यात त्यांनी आणखी एक प्रश्न कन्येकरवी बेटावरील घरमालकिणीस विचारविला : रात्री निजल्यावर समुद्र ऐकू येतो काय? उत्तर आले की, हवा शांत असेल तर नाही. वारा असेल तर येतो.

"मग थोडा वारा असू दे," त्या म्हणाल्या.

वाऱ्याने बोटी बांधून ठेवतात, हे आम्ही पुन्हा एकदा सांगितले.

"आपण बेटावर पोहोचल्यावर म्हणते मी," असे म्हणून त्यांनी नकाशावरचे मीठ तळहाताने एका बाजूस सारले आणि पाने मांडावयास घेतली.