पाणी कोणाच्या हातचे?

वर्णद्वेष हा शब्द उच्चारला म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे दूरदेशीचे चित्र उभे राहते. अमेरिकेतील कापसाचे मळे, दक्षिण आफ्रिकेत एके काळी केवळ गोऱ्यांसाठी राखलेली बाके, असे काहीतरी. ही पापे परक्यांची, आपण फक्त हळहळावे, अशी एक सोयीची समजूत त्यामागे असते. तीविषयी दोन शब्द लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

सन १९५९ मध्ये डॉ. मार्टिन लूथर किंग भारतात आले होते. त्रिवेंद्रम येथील एका शाळेत पूर्वी अस्पृश्य गणलेल्या घरांतील मुले शिकत होती. तेथील मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख 'अमेरिकेतील एक अस्पृश्य बंधू' अशी करून दिली. किंग पडले पाळक, विद्वान, देशोदेशी मान पावलेले. तो शब्द आपणांस प्रथम झोंबला, हे त्यांनी ता. ४ जुलै १९६५ रोजी अटलांटा येथील आपल्या मंडळीस उपदेश करताना स्वतःच सांगितले. मग मायदेशी कोंडलेल्या आपल्या बांधवांची स्थिती त्यांच्या मनात आली आणि मुख्याध्यापकांचे म्हणणे त्यांस मान्य करावे लागले. तथापि ही दोन दुःखे सख्ख्या बहिणी आहेत हे पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी ८६ वर्षे आधीच ओळखले होते. त्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो अमेरिकेतील गुलामांस मुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण करून. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, परंतु १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस मोकळा केला. बाप्तिस्मा घेतलेल्या पुष्कळांच्या हातून एवढे झाले नाही, हे येथेच नमूद करून ठेवतो.

आता पाण्याचीच गोष्ट निघाली आहे. आमचे मूळ घर इंदापूर तालुक्यातील लासुर्णे येथील. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी या भागात आले आणि माळरानाचे उसाचे फड झाले. कालव्यास जातपात ठाऊक नाही, माणसांस होती. आमची आजी सांगे की, तिच्या लहानपणी गावच्या विहिरीवर बायामाणसे घडा खाली ठेवून दूर उभी राहात. कोणास दया आली तर वरून पाण्याची धार धरी. पाणी मिळे, नाही असे नाही. धार धरणारीही पुष्कळदा मायाळू असे. आजीस सलत होते ते निराळेच. ती म्हणे, "पानी देनारं लई भेटलं, पन आमच्याकडं पानी मागनारं कुनी न्हवतं."

हे वाक्य आम्हांस शुभवर्तमानाच्या जवळ घेऊन गेले, तितके कोणत्याही टीकाग्रंथाने नेले नाही. योहानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू भर दुपारी याकोबाच्या विहिरीपाशी थकून बसला आहे. शोमरोनी स्त्री घागर घेऊन येते. यहूद्यांनी शोमरोन्यांचे भांडे वर्ज्य मानलेले. प्रभूस दया दाखवावयाची असती तर तिच्यापुढे पाच गोड शब्द बोलून चालता झाला असता. त्याने तसे केले नाही. त्याने तिच्याजवळ पाणी मागितले. देणारा उंचावर राहतो, मागणाऱ्यास खाली यावे लागते. ती स्त्री चकित झाली ती याचमुळे. आणि त्या गावी प्रभू पुढे दोन दिवस राहिला, म्हणजे त्यांच्या घरचे जेवला, हे वाचक सहसा विसरतात.

आजीच्या दारी असाच एक दिवस उगवला. मिशनचे एक मास्तर, जन्माने उच्च समजल्या जाणाऱ्या कुळातले, चैत्राच्या उन्हात सायकल ढकलीत आले व म्हणाले, "बाई, तांब्याभर पाणी द्या." आजीने विचारले, "मास्तर, आमच्या हातचं चालंल का?" उत्तर न देता त्यांनी हात पुढे केला. आजीने तांब्या राखेने तीनदा घासला. आमचे घराणे प्रभूच्या कळपात आले ते उपदेशाने की त्या तांब्याने, याचा निवाडा आम्हांस अद्याप करता आलेला नाही.

परंतु मागणारा येईपर्यंत तहानलेल्याने थांबावे काय? महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. तो कागदावरच राहिला. ता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सोबती तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. त्याबद्दल लोकांस मार बसला. तळे 'शुद्ध' करण्यात आले. हायकोर्टाचा अनुकूल निकाल लागला तो १९३७ साली. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे! अशा लढ्यास 'धीर धरा' म्हणून उपदेश करणे हे ख्रिस्ती सौजन्य नव्हे.

आणि आपल्या मंडळीचे काय? एका प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी आपली कुटुंबे सोयरिकीच्या वेळी पूर्वजांची जात हळूच विचारतात. पालकांनी रागावू नये, विवाहाच्या जाहिराती आम्हीही वाचतो. मुले ते ऐकतात. गेल्या पावसाळ्यात मधल्या सुटीत एका मुलाने आपला डबा शेजाऱ्यापुढे केला. शेजारी म्हणाला, "नको, भूक नाही," आणि लगेच दुसऱ्याच्या डब्यातील पोळी घेतली. कोणी कोणास अपशब्द बोलले नाही; शिक्षा करावी असा काही गुन्हाही घडला नाही. डबा पुढे करणाऱ्याने झाकण लावले. आम्ही त्याच्याशेजारी बाकावर जाऊन बसलो व चतकोर भाकरी मागितली. बाजरीची होती, सोबत शेंगदाण्याची चटणी, तिखट अंमळ जास्त. दुसऱ्यांदाही मागून घेतली.