राखून ठेवलेला दहावा हिस्सा

फिलिपिन्समधील नेग्रोस या मोठ्या बेटाच्या आग्नेयेस अपो नावाचे एक चिमुकले ज्वालामुखीजन्य बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम पाऊण चौरस किलोमीटर, वस्ती काही शे माणसांची, आणि बहुतेक घरांचा पिढीजात व्यवसाय मासेमारीचा. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवीत असताना प्रवाळांचा धडा आला की मी या बेटाचा दाखला हमखास देत असे. निवृत्तीनंतर यांना कंपवाताने गाठले. गेली सहा वर्षे त्यांच्या शुश्रूषेत जात आहेत. या काळात वर्गातला तो जुना दाखला मला घराविषयीच काही सांगू लागला आहे. आजारी माणसाची काळजी वाहणाऱ्या वाचकांना तो उपयोगी पडावा, म्हणून येथे मांडते.

१९७० च्या दशकात अपोभोवतीच्या समुद्रावर अनेक दिशांनी घाव बसत होते. पाण्यात स्फोट घडवून मासे मारणे, सायनाइड टाकून त्यांना गुंगवणे, प्रवाळांवर दगड आपटून मासे जाळ्यात हाकणे, असे प्रकार त्या भागात सर्रास चालत. मासळी घटत चालली होती. जवळच्या ड्युमागेटे शहरातील सिलिमन विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रज्ञ अँजेल अल्काला आणि त्यांचे सहकारी बेटावर येऊन लोकांशी बोलू लागले. त्यांची सूचना ऐकायला सोपी आणि पाळायला अवघड होती: किनाऱ्याचा एक लहानसा पट्टा मासेमारीसाठी पूर्ण बंद करायचा. ज्याची चूल आजच्या मासळीवर पेटते, त्याला उद्यासाठी समुद्र सोडून द्यायला सांगणे ही लहान गोष्ट नव्हे. पुष्कळ चर्चेनंतर १९८२ मध्ये सुमारे ४५० मीटर किनाऱ्यालगतचे पाणी, म्हणजे बेटाभोवतीच्या प्रवाळभित्तीचा साधारण दहावा हिस्सा, राखीव ठरला. त्यावर पहारा ठेवण्याचे काम बेटावरच्याच माणसांनी अंगावर घेतले. उरलेल्या समुद्रात गळ, बांबूचे सापळे आणि मोठ्या आसाची जाळी चालत राहिली. विध्वंसक पद्धती मात्र बंद झाल्या.

आपल्याकडच्या देवराईसारखीच ही कल्पना आहे. देवराईतली काटकीही कोणी मोडत नाही, आणि तिच्यातला झरा खालच्या शेताला पाणी देत राहतो. अपोच्या राखीव पट्ट्यात मासे संख्येने वाढले आणि आकारानेही वाढले. जीवशास्त्राच्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अनेक जातींत एक थोराड, वयस्कर मादी जितकी अंडी घालते, तितकी अनेक लहान माद्या मिळूनही घालत नाहीत. म्हाताऱ्या माशांना जगू देणारे पाणी पुढच्या पिढ्यांचे पाळणाघर होते, हे सांगताना मी वर्गात नेहमी क्षणभर थांबत असे. काही वर्षांनी राखीव पट्ट्यातले मासे सीमेबाहेर येऊ लागले आणि त्या सीमेजवळ गळ टाकणाऱ्यांच्या हाताला चांगली मासळी लागू लागली. फळ लगेच मिळाले नाही. मोठ्या शिकारी माशांची संख्या पूर्ववत होण्यास अपोवर सुमारे ४० वर्षे लागतील, असा अंदाज संशोधकांनी मांडला होता. अल्काला यांना १९९२ मध्ये रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

याच अभ्यासाची दुसरी बाजू सुमिलोन या बेटावर दिसली. सेबू प्रांतातील हे बेट अपोच्याही आधी, १९७४ मध्ये अल्काला यांच्याच प्रेरणेने राखीव झाले होते. परंतु तेथे कायमची मोठी वस्ती नव्हती. मासेमार समोरच्या किनाऱ्यावरून येत. १९८० च्या दशकात स्थानिक राजकारण पालटले, १९८४ मध्ये बंदी मोडली आणि राखीव भागातही मासेमारी सुरू झाली. मासेमारांना जास्त जागा मिळाली, म्हणजे उत्पन्न वाढायला हवे होते. दीड-दोन वर्षांत ते जवळजवळ निम्म्यावर आले. राखलेला तुकडा बाकीच्या समुद्राला पोसत होता, हे तो मोडल्यावर स्पष्ट झाले.

आता घराकडे वळते. कंपवात हा हळूहळू पावले टाकणारा आजार आहे. औषधाच्या वेळा घड्याळावर बांधलेल्या असतात. उंबरठ्याशी पाऊल जमिनीला खिळते, रात्री कुशीवर वळवावे लागते, घास गिळताना जवळ बसावे लागते. पहिल्या तीन वर्षांत माझी झोप तुटक झाली, रक्तदाब चढला, गुडघे बोलू लागले. यांना तपासणारे डॉक्टर एके दिवशी माझ्याकडे वळून म्हणाले, “वहिनी, पुढची तपासणी तुमची. तुम्ही आडव्या झालात तर यांचे औषध कोण देणार?”

त्या आठवड्यात आम्ही घरातली सारी माणसे एकत्र बसलो. अपोची गोष्ट मी त्यांना सांगितली आणि दिवसाचा दहावा हिस्सा मागितला: चोवीस तासांपैकी अडीच तास. वेळ यांनीच निवडली. दुपारच्या औषधाचा गुण असतो तेव्हा त्यांची हालचाल सैल असते; म्हणून दोन ते साडेचार. पहाऱ्याच्या पाळ्याही ठरल्या. तीन दिवस धाकटे दीर, दोन दिवस सूनबाई, दोन दिवस पगारी मदतनीस. त्या वेळेत मला हाक मारायची नाही, आणि मीही भांडी, दळण, बँकेची कामे त्यात कोंबायची नाहीत. मी झोपते, वाचते, जुन्या मैत्रिणीकडे जाते. कधी नुसती गच्चीवर बसते. काही महिन्यांत माझा रक्तदाब आटोक्यात आला. घास भरवताना मी घाई करीत नाही, हे यांनी माझ्या आधी ओळखले.

मग गेल्या पावसाळ्यात, दुपारी सव्वातीनच्या सुमारास, हे न्हाणीघराच्या दारात पडले. खुब्याचे हाड मोडले. दीर दोन पावलांवर होते, तरी तोल जायला क्षण पुरतो. तो क्षण माझ्या समोरही आला असता. नातेवाइकांत कुजबूज व्हायची ती झालीच. “बायको घरात असून पेशंट दुसऱ्यावर सोडते,” हे वाक्य रुग्णालयाच्या मार्गिकेतून माझ्या कानांवर आले. दीर तर डोळे वर करून माझ्याकडे पाहीनात.

त्या रात्री मला अपोवरची वादळे आठवली. डिसेंबर २०११ मध्ये सेन्डोंग आणि सुमारे एका वर्षाने पाब्लो, अशी दोन चक्रीवादळे त्या भागावर आली. ज्या बाजूला राखीव पट्टा होता, तिलाच मोठा तडाखा बसला. तीस वर्षे जपलेले तेथले प्रवाळ जवळजवळ उद्ध्वस्त झाले. आता तेथे राखण्यासारखे राहिलेच काय, असे म्हणून बेटावरच्या लोकांना पट्टा मोकळा करता आला असता. त्यांनी बंदी कायम ठेवली. वादळ त्या पट्ट्यामुळे आले नव्हते, आणि प्रवाळ पुन्हा रुजायचे असतील तर त्यांना शांत पाणी पूर्वीपेक्षाही अधिक लागणार होते.

शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी यांनी मला जवळ बोलावले. या आजारात आवाज खोल जातो; कान ओठांशी न्यावा लागतो. ते म्हणाले, “दोन वाजले. जा तू.” मग दिरांकडे बोट करून, “तो बसेल.” दिरांनी डोळे पुसले आणि खुर्ची पलंगाला लावली. पाळ्या आजही तशाच चालू आहेत. न्हाणीघराला आता पकडदांड्या आहेत, फरशीवर न घसरणारे पायपुसणे आहे, आणि उठण्यापूर्वी हाक मारायची हा नियम आहे. यांचे चालणे पूर्वीइतके राहिलेले नाही, ते परत येईलच असेही कोणी सांगत नाही. आम्ही आहे त्या पाण्यात राहतो.

आपल्या घरी कोणी दीर्घ आजारी असेल, तर दिवसाचा एक तुकडा असा राखून ठेवा. तो अर्ध्या तासाचा असला तरी चालेल, पण त्याची सीमा घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावी आणि पहारा एकट्याच्या माथी नसावा. वरून लादलेला नियम घरातला माणूस बदलला की मोडतो. सर्वांनी बसून ठरवलेला नियम वाईट दिवसांतही टिकतो. रुग्णालाही त्याचा राखीव पट्टा द्या. हे सदऱ्याची गुंडी स्वतः लावतात. एकेका गुंडीला पाच मिनिटे लागतात, आणि त्या पाच मिनिटांत आम्ही कोणीही हात पुढे करीत नाही.