‘येतो’ म्हणून गेलेले

१. कामशेत. सकाळपासून धो धो. दुपारी लाइट गेली, पाठोपाठ इंटरनेट. पुण्यातल्या सर्व्हरवर माझं सेशन चालूच.

२. रिमोट डेस्कटॉपच्या वरच्या पट्टीत फुली असते. ती दाबली की फक्त खिडकी जाते. उघड्या फायली, अडवलेली मेमरी तिकडे तशीच. खरंच निघायचं असेल तर स्टार्टमधून ‘साइन आउट’.

३. आजी कुणाला ‘जातो’ म्हणू द्यायची नाही. ‘येतो म्हण.’

४. लाइट आली. दुसऱ्या खात्याने आत जायला गेलो, तर जागा नाही. विंडोज सर्व्हरवर वेगळे परवाने न घेता, देखभालीसाठी म्हणून, एका वेळी दोघांनाच बसता येतं. दोघेही ‘ॲक्टिव्ह’. एक जेवायला गेलेला. दुसरा मीच, दुपारचा.

५. खंडाळ्याचा घाट. शेजारचे काका फोनवर जमिनीचा व्यवहार समजावतायत, तिसरा बोगदा आला तरी. फोन पहिल्याच बोगद्यात कटला होता.

६. लाइन अचानक तुटली तर सर्व्हरला लगेच पत्ता लागत नाही. पॉलिसीत ‘कीप-अलाइव्ह’ चालू करून किती मिनिटांनी चौकशी करायची ते सांगावं लागतं.

७. कमांड प्रॉम्प्टवर ‘क्वेरी यूझर’. नाव, आयडी, स्थिती, किती वेळ हालचाल नाही. एकापुढे ३+०४:१२. म्हणजे ३ दिवस, ४ तास, १२ मिनिटं.

८. ‘लॉगऑफ’ आणि पुढे आयडी. गेला. दहा मिनिटांत त्याचा फोन : ‘अहो, माझी एक्सेल शीट उघडी होती!’

९. लोणावळा, सोमवार, भर दुपार. कुलूपबंद बंगल्याच्या पोर्चमध्ये दिवा जळतोय. मालक रविवारी रात्रीच मुंबईला.

१०. तुटलेलं सेशन किती वेळ ठेवायचं, हे ग्रुप पॉलिसीत ‘सेशन टाइम लिमिट्स’खाली ठरवता येतं. कुणीच ठरवलं नाही, तर मुदत नाही. आमच्याकडे कुणीच ठरवलं नव्हतं.

११. घाटाचा चढ ३७ला १. कर्जतला बऱ्याच गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात. लोणावळ्याला ती सोडवतात, मगच गाडी पुण्याकडे निघते.

१२. मुदत २ तास लावली. रात्रभर अहवाल चालवणाऱ्यांना आधी कळवलं. एक्सेलवाल्याला दोनदा.

१३. शुक्रवार, संध्याकाळ. ‘क्वेरी यूझर’. एकच नाव, यादी बघणाऱ्याचं. साइन आउट.