दुबईच्या विमानतळावर

दुबईला जायचे ठरले तेव्हा आमच्या मुलुंडच्या घरात पहिली चर्चा झाली ती खसखशीची! आमचे हे कंपनीच्या कामासाठी वर्षभर तिकडे होते, म्हणून दिवाळी तिथेच करायची ठरली. अनारशांशिवाय दिवाळी कसली, असे सासूबाईंचे म्हणणे. पण संयुक्त अरब अमिरातीत खसखस अंमली पदार्थांत मोडते. अनारशावर लावलेली नाही, मसाल्यात कुटलेलीही नाही, अगदी चिमूटभरसुद्धा नेता येत नाही. तेव्हा मैत्रिणींनो, आखातात कुणाला फराळ धाडायचा असेल तर हे ध्यानात ठेवा. आम्ही अनारसे तिळावर थापले. छान झाले!

सहार विमानतळावरून निघाले की तीन-सव्वातीन तासांत दुबई. घड्याळ दीड तास मागे घ्यायचे, म्हणजे तेवढी झोप फुकट मिळते.

२००८ साली सुरू झालेले तिथले तीन नंबरचे टर्मिनल म्हणजे चकचकीत फरशी आणि हे भले मोठे खांब. चालून चालून पाय दुखले, तरी बाहेर जायचे दार काही दिसेना. पण खरे सांगू का, मी बावरले ती त्या झगमगाटाने नव्हे. तिथे कुणी कुणाला काही विचारतच नव्हते! आपल्याकडे घाटकोपरच्या फलाटावर "अहो, ही फास्ट का?" म्हटले की चार जणी उत्तर देतात. इथे जो तो वरच्या पाट्या वाचत मुकाट्याने चाललेला. पाट्या अरबीत आणि इंग्रजीत. वाचता येत असेल तर ठीक, नाही तर काय?

ते मला लवकरच कळले. विमानात माझ्या शेजारी भांडुपची एक बाई होती. चाळिशीची असेल. घरकामाच्या नोकरीवर निघालेली. विमानातून उतरल्यापासून तिने माझा पदर सोडला नव्हता म्हणा ना! "ताई, सामान कुठं येतं? ताई, इथं काय लिवलंय?" पासपोर्टच्या खिडकीमागे पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा घातलेला अधिकारी. शेजारच्या खिडकीत काळ्या अबायातली एक तरुण अधिकारी मुलगी. तिने माझ्याकडे पाहिले, शिक्का मारला आणि चक्क हिंदीत म्हणाली, "जाओ." परदेशात पहिला शब्द हिंदी ऐकू येईल असे कुणाला वाटले होते?

भांडुपच्या बाईला मात्र वेळ लागला. मी पलीकडे थांबून राहिले. तिच्या पासपोर्टवर 'ईसीआर' अशी नोंद होती, ती तिने मला विमानातच दाखवली होती. "हे काय असतं हो ताई? एजंट म्हनला, तू धाव्वी न्हाईस म्हनून."

एजंटने खरे तेच सांगितले होते. जो दहावी झालेला नाही, त्याच्या पासपोर्टवर साधारणपणे ही नोंद येते. मग आखातासारख्या काही ठरावीक देशांत नोकरीला जायचे तर १९८३ च्या कायद्याप्रमाणे सरकारची वेगळी परवानगी लागते. घरकामाला जाणारी बाई असेल तर तिचे वय तीसच्या पुढे हवे. कटकट वाटते, पण ती बाईच्याच भल्यासाठी आहे. काही एजंट ही परवानगी चुकवायला बायकांना फिरायला जाण्याच्या व्हिसावर धाडतात, आणि पुढे पगार थकला, पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला, तर दाद मागणे फार अवघड जाते. हिने सगळे रीतसर केले होते. दुबईत भारतीय वकिलातीचे प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, ते नाव मी तिला मराठीत चिठ्ठीवर लिहून दिले. चिठ्ठी तिने ब्लाउजमध्ये ठेवली.

बाहेर पाट्या घेऊन माणसे उभी होती. तिच्या मालकाचे नाव मी वाचले, त्या माणसाला हाक मारली. जाता जाता ती थबकली. "ताई, तुमी मास्तरीण ना? माजी पोरगी नववीत हाय. आजीकडं ठेवलीय. म्हातारी म्हनते, आता शाळा बास." मी मुलुंडला संध्याकाळी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणाऱ्या मुलींना शिकवते, हे मी तिला विमानात बोलले होते. पत्ता दिला.

हे समोर हसत उभे! आम्ही मेट्रोने घरी गेलो. तिथेही बायकामुलांसाठी वेगळी जागा आहे, पण दारात लोंबकळणे नाही. खायला-प्यायलाही बंदी, दंड शंभर दिराम. तेव्हा अनारशांचा डबा घरी जाऊनच उघडला.

परत आल्यावर पंधराएक दिवसांनी ती मुलगी आजीला घेऊन वर्गावर आली. आजीला मी सांगितले, शाळा अजिबात सोडायची नाही. सतरा नंबर शाळा सुटलेल्यांसाठी. मुलगी शाळेत जातेच आहे, शिवाय संध्याकाळी माझ्याकडे येते. इंग्रजी बरे आहे. गणिताला फार घाबरते.