खोक्यांचा बाक आणि नळ्यांची बाज

हे मला आधी कुणी का नाही सांगितलं! ज्यूस पिऊन आपण जे खोकं चुरगाळून फेकतो, त्याचा बाक होतो. खराखुरा, टेकून बसावं असा! मुंबईत ‘आरयूआर ग्रीनलाइफ’ आणि टेट्रा पॅक यांची ‘कार्टन्स ले आओ, क्लासरूम बनाओ’ ही मोहीम आहे. लोकांनी रिकामी खोकी आणून द्यायची, त्यांच्या फळ्या होतात, फळ्यांचे शाळेसाठी बाक. असा बाक दिसला तेव्हा मी आधी वाकून त्याची कडच पाहिली. दाबलेल्या तुकड्यांत चंदेरी ठिपके, आणि मधेच आंब्याच्या चित्राचा अर्धा तुकडा!

यात डिंकसुद्धा लागत नाही. खोक्यात साधारण 75 टक्के कागद, 20 टक्के प्लॅस्टिक, 5 टक्के अ‍ॅल्युमिनियम. तुकडे गरम दाबयंत्रात घातले की प्लॅस्टिक वितळतं आणि तेच बाकीच्याला धरून ठेवतं. जे वेगळं काढता काढता नाकी नऊ येतात, तेच इथे कामाला!

तेव्हापासून बुलढाण्यात मला बाकांशिवाय काही दिसेना. सिमेंटचे, पाठीवर ‘यांच्या स्मरणार्थ’, सगळे एका रांगेत. दोन टोकांना दोन माणसं, मधे एक पिशवी. विल्यम व्हाइट नावाच्या अमेरिकन माणसाने न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून लोक कुठे बसतात हे पाहिलं, 1980 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याला दिसलं की हलवता येणारी खुर्ची मिळाली की माणूस बसण्याआधी ती इंचभर तरी सरकवतोच. बसायची दिशा त्याला स्वतः ठरवायची असते!

मग आपला पार? तो तर जागचा हलत नाही, वर गोल. म्हणजे सगळ्यांची तोंडं बाहेर व्हायला हवीत. तरी गप्पा तिथेच रंगतात. मी टेप घेऊन गेलो. सारी गंमत रुंदीत आहे! बाकाची बैठक जेमतेम दीड फूट, पाराची चार-साडेचार. मांडी घाला, वळा, मागे सरका, कंटाळा आला तर आडवे व्हा.

आता आमच्याकडे ज्यूसची खोकी कितीशी जमणार? पण ठिबकच्या बाद नळ्या! मेहकरकडे बांधाबांधावर वेटोळी पडलेली, खारींनी कुरतडलेली. भंगारातले अँगल जोडून चार फूट रुंद चौकट केली आणि नळ्या बाजेसारख्या विणल्या. ओढताना चौकटीला पाय लावावा लागतो आणि आत राहिलेलं गढूळ पाणी थेट तोंडावर येतं. काळी नळी उन्हात अशी तापते की लिंबाखालीच ठेवावी लागली.

आठवडाभरात मधे झोळ पडला. दोघं बसले की हळूहळू एकमेकांकडे घसरतात आणि बोलल्यावाचून राहतच नाहीत! मी नळ्या ताणायला गेलो, तर बसलेल्या आजोबांनी मलाच दटावलं, “राहू दे ना रे बापू, बरी आहे तशीच!” पुढची सहा फुटांची करतोय. जुने अँगल पडून असतील तर कळवा, न्यायला मी येतो.